दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. मग आपल्याकडे तो शुभ कसा झाला?

दसऱ्याच्या तोंडावर हिंगोलीतल्या कुरुंद्यापासून मुंबईच्या दादरपर्यंत झेंडूचे केशरी-पिवळे ढीग लागतात. दाराला तोरण, गाडीला हार, अवजारांवर फुलं. झेंडूशिवाय दसरा होत नाही. पण हे फूल मूळचं आपल्याकडचं नाही.

झेंडू आला कुठून?

झेंडूचं मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत आहे. 16व्या शतकात स्पॅनिशांनी तो युरोपात नेला. भारतात तो पोर्तुगिजांमार्फत आला, असं मानलं जातं. मिरची आणि टोमॅटोही असेच अमेरिकेतून आले.

मेक्सिकोत त्याचा अर्थ काय?

तिथे 1 आणि 2 नोव्हेंबरला 'मृतांचा दिवस' पाळतात. झेंडूचा रंग आणि वास यांच्या खुणेनं पूर्वजांना घरची वाट सापडते, अशी श्रद्धा आहे. म्हणून पाकळ्यांची वाट तयार करतात. आपण तोरण बांधून लक्ष्मीचं स्वागत करतो, ते गेलेल्या माणसांचं.

आपल्याकडे शुभ का?

गणपतीला जास्वंद, शंकराला बेल यामागे जुन्या कथा आहेत. झेंडू उशिरा आला, त्यामुळे त्याची कारणं व्यवहारातली दिसतात. रंग हळदीचा आणि भगव्याचा, बहर नेमका सणांच्या दिवसांत, आणि दोऱ्यात ओवल्यावरही फूल लवकर कोमेजत नाही.

दुसऱ्या फुलांचंही असं झालंय?

हो. देवळाच्या आवारातला पांढरा चाफाही मूळचा अमेरिका खंडातला. तो 1860मध्ये हवाई बेटांवर पोहोचला. आज तिथे पाहुण्यांच्या गळ्यात घालायच्या 'लेई' या माळेत तो हमखास असतो.

शेतकऱ्याचं गणित काय?

कुरुंदा ज्या वसमत तालुक्यात आहे, तो हळदीसाठी ओळखला जातो. हळद शिजवून, वाळवून ठेवता येते आणि भावाची वाट पाहता येते. झेंडूला ती सोय नाही. सगळ्यांचा माल एकाच दिवशी बाजारात येतो. आवक वाढली की भाव कोसळतात आणि संध्याकाळी उरलेली फुलं तिथेच टाकून परतावं लागतं. दुसऱ्या दिवशी त्याच फुलाला फारसं गिऱ्हाईक नसतं. पुढची मोठी मागणी थेट लक्ष्मीपूजनाला, म्हणजे साधारण 20 दिवसांनी.