शिक्का, मोर्तब आणि ई-मेल

मंडळी, ‘शिक्कामोर्तब’ आपण एका दमात म्हणतो, पण त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपलं आटपाडी १९४८ पर्यंत पंतप्रतिनिधींच्या औंध संस्थानात होतं, तेव्हा इनामपत्रं आणि वतनाचे कागद इथल्या घरांना नवे नाहीत. असा कागद हातात घेतला की माथ्यावर शिक्का दिसतो आणि मजकूर संपतो तिथे, अगदी चिकटून, लहानसं मोर्तब. पत्र कुणाचं, हे शिक्का सांगतो. मोर्तब सांगतं, आमचं बोलणं इथे संपलं; यापुढची ओळ आमची नव्हे. कागद लांब असला तर पाठीमागे सांध्यावरही ठसा, म्हणजे मधला बंद कुणी बदलू नये.

१९८२ साली जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे नियम लिहिले, त्यात यातलं काहीच नव्हतं. पाठवणारा सांगेल ते नाव खरं! कुठलाही सर्व्हर कुणाचीही डाक पुढे नेई. ती मंडळी एकमेकांच्या ओळखीची, शंका कोण घेणार? १९९८ मध्ये ‘सेंडमेल’ने ही फुकटची हमाली बंद केली. १९९९ पासून स्टार्टटीएलएसमुळे थैली वाटेत झाकता येऊ लागली. पण थैली झाकली म्हणून आतलं पत्र खरं ठरत नाही.

खरा शिक्का २००७ मध्ये आला, डीकेआयएम नावाने. सर्व्हर खासगी किल्लीने सही करतो, जोडीची जाहीर किल्ली डीएनएसमध्ये असते, पत्र घेणारा तिच्यावरून सही ताडतो. गंमत अशी, की या सहीत ‘एल’ नावाची एक सवलत ठेवली: सुरुवातीचा अमुक इतकाच मजकूर सहीत धरायचा. वाटेत तळाशी एखादी ओळ जोडली गेली तर सही मोडू नये, हा हेतू. म्हणजे शिक्का दिला आणि मोर्तब काढून घेतलं! समजा, आपल्याकडच्या डाळिंब व्यापाऱ्याचं खरं पत्र कुणाच्या हाती लागलं आणि त्याने खाली लिहिलं, ‘पैसे आता या खात्यात भरा’. सही तरीही खरीच निघते. हे आमच्या जुन्या कारकुनांनी कधी चालू दिलं नसतं.

तेव्हा सर्व्हर उभा करताना ‘एल’ लावू नका. डीमार्कमध्ये आधी अहवाल पाहा, आपली सगळी पत्रं पास होतात याची खात्री करा, मग खोटी पत्रं नाकारायला सांगा. आणि किल्ली मधूनमधून बदला; छत्रपती बदलले की प्रधानांच्या शिक्क्यावरचं राजाचं नावही बदलायचं.