फवारणीनंतर गवत राहतं आणि टाकळा मरतो, हे होतं कसं?

'एक फवारणी, तण साफ, गवत जसंच्या तसं' असा दावा करणारे व्हिडिओ पावसाळा लागला की फिरायला लागतात. दावा खोटा नाही. अशी तणनाशकं गेली ऐंशी वर्षं वापरात आहेत. पण ती नेमकं कोणाला मारतात आणि कोणाला सोडतात, हे समजून न घेता ती पालघर जिल्ह्यातल्या डहाणू किंवा तलासरीच्या गवताच्या रानात मारली, तर नको ते मरू शकतं. कधी ते शेजाऱ्याच्या बागेतलंही असू शकतं.

आधी हे रान समजून घेऊ. इथे भाताची खाचरं सोडली की वर चढाची, मुरमाड जमीन लागते. महसुली भाषेत तिला वरकस म्हणतात. तिथे पावसावर गवत येतं, पाऊस सरला की ते कापतात, वाळवतात, भारे आणि गाठी बांधून विकतात. मुंबईच्या तबेल्यांना या भागातून पिढ्यान् पिढ्या गवत जात आलंय. तबेले मुंबईबाहेर हलवावेत म्हणून सरकारने याच भागात, दापचरीला, दुग्धप्रकल्प उभारला होता.

या गवताला इतिहासही आहे. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात वारली जमले आणि वेठबिगारीविरुद्ध उठाव सुरू झाला. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीवरून संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच आदिवासी मारले गेले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा सगळा काळ आहे. योगायोग असा, की आज आपण ज्या तणनाशकाबद्दल बोलतोय ते २,४-डी अमेरिकेच्या बाजारात आलं तेही १९४५ च्याच सुमारास.

गवत कसं वाचतं?

प्रत्येक झाडात ऑक्झिन नावाचं संप्रेरक असतं. शेंडा किती वाढायचा, पान कुठे वळायचं, मूळ कधी फुटायचं, हे ते अगदी थोड्या प्रमाणात ठरवतं. २,४-डी हे या ऑक्झिनचं नकली रूप आहे. रुंद पानांच्या झाडात ते शिरलं की वाढीचा हुकूम सुटत राहतो आणि तो थांबवता येत नाही. देठ पिळवटतात, पानं वाकडी होतात, खोड सुजून फुटतं, अन्नपाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद पडतात. एक-दोन आठवड्यांत झाड संपतं. थोडक्यात, ते उपासमारीने मरत नाही, भलत्याच वाढीने मरतं.

गवताच्या अंगातही ऑक्झिन असतं, मग ते का मरत नाही? एकच कारण नाही. गवताचं पान अरुंद आणि उभं, त्यावर थेंब कमी टिकतो. वाढीचा कोंब जमिनीलगत, पानांच्या आवरणात लपलेला असतो (गाय वरून चरली तरी गवत पुन्हा येतं ते यामुळेच). खोडाची आतली रचना वेगळी, त्यामुळे ते सुजून फुटत नाही. शिवाय गवत हे रसायन आत फार फिरू देत नाही आणि त्याचं लवकर निरुपद्रवी रूप करून टाकतं. मात्र ही ढाल पक्की नाही. नुकतं उगवलेलं कोवळं गवत आणि फुलोऱ्यावर येऊ घातलेलं गवत यांनाही इजा होते, आणि मात्रा वाढवली तर कोणतंच गवत सुरक्षित नाही.

निवडक, पण कोणाच्या निवडीने?

अशा औषधाला निवडक तणनाशक म्हणतात, आणि खरी मेख या शब्दातच आहे. औषध निवड करतं ती झाडाच्या घडणीवरून. ते झाड माणसाच्या उपयोगाचं आहे की नाही, हे त्याला कळत नाही.

टाकळाच घ्या. गवत विकणाऱ्याच्या दृष्टीने टाकळा शत्रू. गुरं तो सहसा तोंडात धरत नाहीत, आजूबाजूचं गवत खाऊन टाकतात, म्हणून दरवर्षी टाकळ्याला मोकळी जागा मिळते आणि तो आणखी पसरतो. भाऱ्यात टाकळ्याच्या काड्या आल्या की तेवढी वैरण वाया. पण हाच टाकळा जून-जुलैत डहाणू-तलासरीच्या घराघरांत भाजी म्हणून शिजतो. दुसरा भाजीपाला महाग असतो ते हे दिवस. पुढे वाळलेल्या शेंगांतलं बी गोळा करून विकलं जातं, त्यापासून डिंकासारखी भुकटी बनते. इतकंच काय, गाजर गवत हटवायचं असेल तिथे टाकळा पेरा, असा सल्ला जबलपूरची केंद्रीय तण संशोधन संस्था देत आली आहे. कुरडू, भारंगी, कंटोली या रानभाज्याही रुंद पानांच्याच. फवारणीत त्या वाचत नाहीत. गवतात मिसळून उगवणारे, वैरणीला प्रथिनं देणारे शेंगवर्गीय वेलही जातात.

म्हणून रानाचा मालक एक आणि भाजी खुडणारे दुसरे असतील, तर फवारणीआधी वाडीत सांगणं हे निव्वळ सौजन्य नाही. फवारलेला टाकळा पहिल्या एक-दोन दिवसांत दिसायला ताजाच असतो, आणि कोणीतरी तो खुडून घरी नेईल.

शेजारची चिकूवाडी

घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाणगावकडची मिरची प्रसिद्ध आहे. चिकू आणि मिरची, दोन्ही रुंद पानांची. मिरची, टोमॅटो, द्राक्ष, कापूस ही पिकं तर २,४-डीला विशेष नाजूक. वाऱ्यावर आलेला बारीक तुषारही पुरतो. पानं अरुंद होऊन पिळवटतात, शेतकऱ्याला वाटतं बोकड्या आला, आणि तो विषाणू पसरवणाऱ्या किडीवर भलतंच औषध मारत बसतो.

आपल्याकडे २,४-डी मुख्यतः तीन रूपांत मिळतं : सोडियम सॉल्टची ८० टक्के भुकटी, अमाइन सॉल्ट ५८ टक्के आणि इथाइल एस्टर ३८ टक्के. यातलं एस्टर उन्हात वाफ होऊन उडतं. म्हणजे फवारताना वारा पडलेला असला, तरी दुपारी ती वाफ बांध ओलांडू शकते. बाग किंवा मिरचीचं शेत जवळ असेल तर एस्टर नको, हा साधा नियम.

डहाणूची दुसरी अडचण पावसाची. टाकळा मरतो तो दोन-चार पानांवर असताना. फुलावर आल्यावर तो सहज दाद देत नाही. पण ती दोन-चार पानांची अवस्था नेमकी मुसळधार पावसात येते. अमाइन सॉल्ट पानात मुरायला फवारणीनंतर काही तास कोरडे लागतात. जुलैत तेवढी उघडीप मिळाली तर नशीब. नाही मिळाली तर औषध पानावरून धुऊन ओढ्यात. एस्टर लवकर मुरतं, पण त्याची अडचण वर सांगितलीच. माझं मत विचाराल तर, किनाऱ्याकडच्या बागायती पट्ट्यात हे गणित बहुतेकदा जुळत नाही. पूर्वेकडच्या मोकळ्या माळांवर जुळू शकतं.

गाय, शेण आणि कंपोस्ट

फवारलेल्या रानात गुरं कधी सोडायची आणि गवत कधी कापायचं, याची मुदत डब्यावरच्या माहितीपत्रकात असते. दुभत्या जनावरांसाठी ती जास्त काटेकोरपणे पाळायची. काही तणनाशकं तर गवतातून शेणात आणि शेणातून खतात जशीच्या तशी जातात. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये परसबागेतले टोमॅटो आणि बटाटे अचानक वेडेवाकडे वाढू लागले. कारण निघालं कुरणांवर मारलेलं अमिनोपायरालिड, जे शेणखतातून बागेत पोहोचलं होतं. त्याची विक्री तेव्हा थांबवावी लागली. २,४-डी इतकं टिकत नाही, ते मातीत तुलनेने लवकर मोडतं. पण 'तणनाशक म्हणजे सगळी सारखीच' असं समजू नये, यासाठी ही आठवण.

'एजंट ऑरेंज' आणि बंदीचे फॉरवर्ड

व्हिएतनाममध्ये अमेरिकेने फवारलेल्या एजंट ऑरेंजमध्ये अर्धं २,४-डी होतं, हे खरं. पण तिथलं जीवघेणं डायऑक्सिन आलं ते दुसऱ्या अर्ध्यातून, २,४,५-टी मधून. कर्करोगाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेने २०१५ मध्ये २,४-डीला '२ बी', म्हणजे कर्करोग होण्याची शक्यता असू शकते पण पुरावा मर्यादित, या गटात टाकलं. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात २,४-डी होतं. तो मसुदा होता, बंदी नव्हे. अर्थात म्हणून ते उघड्या हाताने कालवावं असं नाही. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या हवेतच.

फवारणीशिवाय काय?

टाकळा एक वर्ष जगणारा. फुलावर येण्याआधी उपटला किंवा कापला तर त्या वर्षीचं बी पडत नाही. जुनं बी कडक सालीचं, मातीत टिकून राहतं, त्यामुळे हे काम सलग काही वर्षं करावं लागतं. ओल्या जमिनीत तो सहज उपटतो, आणि भाजीसाठी खुडणारे हात त्यातलं थोडं काम आधीच करतात. पावसाच्या पहिल्या महिन्यात गुरं रोखून गवताला डोकं वर काढू दिलं, तर टाकळ्याला ऊन कमी मिळतं.

घाणेरीचा प्रश्न वेगळा. तिच्या झुडपावर वरून फवारलेलं औषध मुळापर्यंत नीट पोहोचत नाही, ती पुन्हा फुटते. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनी सुचवलेली पद्धत सोपी आहे : मुख्य मूळ जमिनीखाली चार-पाच सेंटिमीटरवर तोडायचं आणि झुडूप उलटं करून वाळायला टाकायचं.

आणि फवारणी करायचीच ठरली, तर पाठीवरचा पंप वेगळा ठेवा. २,४-डीचा अंश टाकीत, नळीत, वॉशरमध्ये चिकटून राहतो. पाण्याने एकदा खळबळून तो जात नाही. त्याच पंपाने पुढच्या आठवड्यात मिरचीवर कीटकनाशक मारलं, तर मिरची वाकडी होते आणि दोष कीटकनाशकाच्या डब्यावर जातो.