वारांतले देव आणि वहीतले देव

आपल्या शाळांतील मुले रोज सकाळी फळ्यावर इंग्रजी वार लिहितात. त्यांतील ट्यूसडे, वेन्सडे, थर्सडे आणि फ्रायडे हे चार वार उत्तर युरोपातील जुन्या दैवतांचे आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. टीर, ओडिन, थोर आणि फ्रिग ही त्यांची नॉर्स नावे. रोमनांचे मंगळ, बुध, गुरू, शुक्र यांचे वार जर्मानिक जमातींनी उचलले आणि तिथे आपली दैवते बसवली. पुढे इंग्रजांजवळ नावे तेवढी उरली. कथा जवळजवळ लोपल्या. त्या टिकल्या प्रामुख्याने आइसलँड या दूरच्या बेटावर.

या कथांतील विश्वाचा आधार म्हणजे इग्द्रासिल नावाचा महावृक्ष. त्याच्या आश्रयाने देव, मानव, राक्षस, मृत असे नऊ लोक वसतात. एका मुळाशी मिमिरची विहीर. तिच्यातील ज्ञानजलाच्या एका घोटासाठी ओडिनने स्वतःचा डोळा दिला. तळाशी एक नाग मूळ कुरतडतो, शेंड्यावर गरुड बसतो, आणि दोघांच्या शिव्यांची ने-आण एक खार करते!

हे देव अमर नाहीत, आणि आपला अंत कसा होणार हे त्यांना ठाऊक आहे. 'रॅग्नरॉक'च्या युद्धात फेनरिर लांडगा ओडिनला गिळणार. थोर महासर्पाला मारणार आणि त्याच्या विषाने नऊ पावलांवर कोसळणार. पृथ्वी समुद्रात बुडेल, पण पुन्हा हिरवीगार वर येईल. वाचलेल्या देवांना गवतात जुन्या खेळातल्या सोन्याच्या सोंगट्या सापडतील.

आइसलँडने इ.स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर दोन शतकांनी, १२२० च्या सुमारास, स्नोरी स्टुर्लुसन या ख्रिस्ती विद्वानाने या कथा 'एडा' ग्रंथात लिहून ठेवल्या. कशासाठी? पूजेसाठी नव्हे, भाषेसाठी. जुने कवी सोन्याला 'सिफचे केस' म्हणत. लोकीने थोरच्या पत्नीचे, सिफचे, केस कापले आणि बुटक्यांनी तिला सोन्याचे केस घडवून दिले, ही कथा विसरली तर ओळीचा अर्थच हरवतो. या देवांवर श्रद्धा ठेवू नका, पण कथा विसरूही नका, असा त्याचा तरुण कवींना सल्ला होता. नॉर्वेच्या राजाचा रोष ओढवल्याने १२४१ मध्ये त्याची घरातच हत्या झाली. ग्रंथ मात्र उरला.

गंमत अशी की, आइसलँडच्या वारांत हे देव नाहीत! बाराव्या शतकात एका बिशपने ती नावे काढून टाकली, असे परंपरा सांगते. तिथे आजही 'तिसरा दिवस', 'आठवड्याचा मध्य', 'पाचवा दिवस' असेच म्हणतात. एकाजवळ नावे राहिली, दुसऱ्याजवळ कथा.

ज्या प्राचीन काव्यांचा स्नोरीने आधार घेतला, त्यांतील अनेकांचे १२७० च्या सुमाराचे हस्तलिखित १६६२ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे गेले होते. तीन शतकांनी, २१ एप्रिल १९७१ रोजी, ते जहाजाने रेक्याविकला परत आले. त्याची पाने अवघी पंचेचाळीस. पण त्यांच्या स्वागताला बंदरावर लोकांची अलोट गर्दी लोटली होती.