असई : तोफांपाशी उरलेले गोलंदाज

पुंडलिकनगरच्या पोराला वॉटर्लू ठाऊक असते. असईची लढाई मात्र ठाऊक नसते, आणि हे गाव तर १९८१ पर्यंत आपल्याच औरंगाबाद जिल्ह्यात होते! म्हणून २३ सप्टेंबर १८०३ चा हा घटनाक्रम.

सकाळी ११. मराठ्यांच्या पराभवाला सात तास. शिंदे-भोसल्यांचा तळ भोकरदनला नाही, अगदी जवळ केळणा नदीपलीकडे आहे, अशी खबर इंग्रज सेनापती, पुढे वॉटर्लू जिंकणारा आर्थर वेलस्ली याला लागते. इंग्रजांचीच दुसरी, स्टीव्हनसनची फौज आलेली नाही. तरी तो थांबत नाही.

दुपार. वाटाडे म्हणतात, नदीला उतार नाही. पण समोरासमोरच्या काठांवर दोन गावे दिसतात, पिंपळगाव आणि वरूड. म्हणजे उतार असणारच, हे तो ताडतो. मराठ्यांकडे हजारो घोडेस्वार आहेत. उतार अडवायला कुणी जात नाही. दिवस इथेच हातचा गेला, असे मला वाटते.

३ वाजता. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा हॅनोव्हरचा सेनापती पोलमन सगळ्या फळीचे तोंड फिरवतो. केळणा नदी ते जुई नदी, मध्ये शंभराच्या आसपास तोफा. त्यांच्या माऱ्यात इंग्रजांचे गोलंदाज आणि तोफा ओढणारे बैल पडतात. वेलस्ली आपल्या तोफा मागे टाकून संगिनी पुढे करतो. असईजवळ इंग्रजांची ७४वी पलटण जवळजवळ कापली जाते. दक्षिणेकडे मात्र मराठी फळी मोडते. मराठी गोलंदाज तोफा सोडत नाहीत, बरेच तिथेच मारले जातात.

इंग्रज पुढे सरकतात आणि मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठतात! तोफा उलट फिरवतात, शत्रूच्या पाठीत मारा सुरू करतात. पायदळ पळालेले, चहूकडे इंग्रज, आणि हे मूठभर. त्याच वेळी मराठ्यांचे घोडदळ तुटून पडले असते तर? ते लांबच उभे राहते. ७८वी पलटण आणि ७वे देशी घोडदळ घेऊन वेलस्ली स्वतः मागे वळतो. त्याच्या घोड्याला भाला लागतो, पण तोफा पुन्हा जातात.

६ वाजता. सावरलेल्या शेवटच्या फळीवर चालून जाताना इंग्रज घोडदळाचा मॅक्सवेल पडतो. ती फळीही माघार घेते. इंग्रजांचे ४२८ ठार, अकराशेहून अधिक जखमी. स्टीव्हनसन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचतो. डिसेंबरात भोसले देवगावला आणि शिंदे सुर्जी-अंजनगावला तहावर सही करतात.