बंद दार आणि बाहेरची माणसे

एक माणूस, चार भिंती आणि बाहेरून लागलेले दार, एवढ्याच सामग्रीवर अख्खा चित्रपट उभा राहतो, आणि प्रेक्षक श्वास रोखून तो पाहतात. अशा चित्रपटांविषयी बोलताना आपण नायकाच्या मनोधैर्याची वाखाणणी करतो. ती रास्तच आहे. परंतु या चित्रपटांचा आणि त्यांच्या मागे असलेल्या घटनांचा इतिहास पाहिला, तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. कोंडलेल्या माणसाचे मन शाबूत राहते ते बहुधा बाहेर कोणीतरी ऐकत आहे या भरवशावर.

ऑस्ट्रियन दिग्दर्शक पाब्स्ट याने 1931 साली ‘कामेराडशाफ्ट’ हा चित्रपट काढला. त्याला आधार होता फ्रान्समधील कूरिएर येथील 1906 च्या खाण-दुर्घटनेचा. तीत 1,099 माणसे दगावली, आणि वीस दिवसांनी तेरा खाणकामगार जिवंत बाहेर आले. त्या वेळी जर्मनीतून खाणकामगारांचे पथक मदतीला धावले होते. पाब्स्टने ही कथा पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात नेली. त्याचे जर्मन मजूर जमिनीखाली सरहद्दीवर लावलेले लोखंडी गज तोडून फ्रेंच सोबत्यांकडे जातात. अखेरीस ते गज पुन्हा बसवले जातात!

ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘अ मॅन एस्केप्ड’ 1956 चा. नाझींच्या ताब्यातील ल्याँ शहरच्या तुरुंगातला कैदी चमच्याला धार काढून कोठडीच्या दाराच्या फळ्या सोडवतो. हा झाला चिकाटीचा भाग. पण तो शेजारच्या कोठडीच्या भिंतीवर टकटक करून बोलतो, आणि त्या बोलण्यावरच त्याचे मन तग धरते.

आता बाहेर कोणीच ऐकत नसेल तर काय होते, हेही पाहू. 2010 सालच्या ‘बरीड’मध्ये इराकात कामाला गेलेला अमेरिकन ट्रकचालक पेटीत घालून पुरला जातो. हाताशी दूरध्वनी असतो. त्यावर त्याच्या कंपनीचा अधिकारी बोलतो तो त्याला धीर देण्यासाठी नव्हे, तर तुला आधीच कामावरून कमी केले आहे, सबब विम्याची रक्कम मिळणार नाही, हे कळवण्यासाठी. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा प्रसंग मुळीच अतिशयोक्त वाटत नाही. विक्रमादित्य मोटवाने यांचा ‘ट्रॅप्ड’ 2017 साली आला. त्यात मुंबईतल्या एका रिकाम्या उंच इमारतीत राजकुमार राव अडकतो. वीज नाही, पाणी नाही. खाली गजबजलेले शहर आहे, आणि त्याची हाक कुणाच्याही कानी जात नाही. एवढ्या माणसांच्या वस्तीतला हा एकांतवास आहे.

प्रत्यक्षातली उदाहरणेही हेच सांगतात. राणीगंजजवळच्या महाबीर खाणीत नोव्हेंबर 1989 मध्ये पाणी शिरले. सहा कामगार गेले, पण पासष्ट वाचले. जसवंतसिंग गिल हे अभियंते पोलादी पिंजऱ्यातून स्वतः खाली उतरले. त्यांच्यावर 2023 मध्ये चित्रपट निघाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात उत्तराखंडातील सिल्क्यारा बोगद्यात 41 मजूर सतरा दिवस अडकले. बारीक नळातून त्यांना खाणे आणि हवा मिळाली. पण त्याच नळाच्या आधाराने घरच्यांचा आवाजही पोहोचला. बलाढ्य यंत्र मोडून पडल्यावर शेवटचा भाग हाताने खणला तो गरीब खाणमजुरांनीच.

आणि आता आपल्या दाराशी येऊ. 7 जून 2021 रोजी उरवडे येथे, पाणी शुद्ध करण्याची रसायने बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. भिंती फोडून आत शिरावे लागले. सतरा कामगार मृत्युमुखी पडले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. चित्रपटातल्या नायकाला दिवस मिळतात: पाणी पुरवून प्यावे, भिंतीवर रेघा ओढाव्यात, स्वतःशी बोलावे. या बायांना तशी सवड मिळालीच नाही. धुराशी मनोधैर्याने लढता येत नाही. बाहेरच्यांनी कान द्यायचा तो अशा वेळी हाक येण्याच्या आधीच द्यावा लागतो.

खोलीत माणूस असताना बाहेर जाण्याचे दार आतून सहज आणि तत्काळ उघडता आले पाहिजे, हे तत्त्व आपल्या देशात 1948 च्या कारखाने कायद्यातच लिहिले गेले होते. ते कुणा दयाळू मालकाच्या मनात आपोआप उगवले नव्हते. जगभरच्या आगींत होरपळलेल्या कामगारांनी ते मिळवले होते. कागदावरचे तत्त्व दारावर उतरले आहे की नाही, हे मात्र कुणीतरी जाऊन पाहावे लागते.

असे चित्रपट आपण अवश्य पाहावेत. माणसाच्या मनाची ताकद ओळखायला ते उपयोगी आहेत. पण त्या ताकदीच्या भरवशावर कुणाला कोंडून ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्यांच्या घरची माणसे पिरंगुट-उरवड्याच्या बाजूला कामाला जातात, त्यांनी संध्याकाळी ती परत आल्यावर सहज विचारावे: तुमच्या खात्यातून बाहेर पडायला दारे किती, आणि ती आतून उघडतात का? उत्तर समाधानाचे नसेल, तर ते एकट्याने ऐकून गप्प बसू नये. चार जणांनी मिळून कारखान्याच्या फाटकाशी जावे.