श्वास मोजणाऱ्या बायका

विठ्ठलवाडीच्या चाळीत हॉस्पिटलातून बाळ घरी आलं की आशाताईने सहा वेळा येऊन त्याला बघायचं, असा सरकारी नियम आहे. तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. ती वजन करते, ताप बघते आणि आईला विचारते: दूध नीट ओढतंय का? रडणं बारीक झालंय का? हातपाय ढिले पडलेत का?

कुठल्याही आजीने विचारावेत असे हे प्रश्न. पण त्यांच्यामागे मोठं संशोधन आहे, आणि ते झालं गडचिरोलीच्या खेड्यांत.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. मुलं न्यूमोनियाने मरत होती. तो ओळखायला मिनिटाला किती श्वास होतात ते मोजावं लागतं. पण अनेक सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग वाळूचं घड्याळ आणि मणी असं एक साधन तयार झालं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर बाळाला औषध हवं.

पुढे प्रश्न आला नवजात बाळांचा. १९९३ पासून ३९ गावांत प्रयोग झाला. थोडंफार शिकलेल्या गावातल्याच बायका ‘आरोग्यदूत’ झाल्या. त्या घरोघरी जाऊन बाळाला बघत आणि दिसेल ते लिहून ठेवत. दूध तोडणं, रडणं मंदावणं, अंग गार पडणं, छाती आत ओढली जाणं अशा सात लक्षणांपैकी दोन एकत्र दिसली की जंतुसंसर्ग समजून त्या घरातच उपचार सुरू करत, इंजेक्शनसुद्धा देत.

या गावांत दर हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. १९९७-९८ पर्यंत हा आकडा २५ च्या आसपास आला. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत तो जवळपास तसाच राहिला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा शोधनिबंध छापला. २०११ मध्ये ही पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामात आली.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० च्या सुमारास शुश्रूषेवर पुस्तक लिहिलं, त्यात एक अख्खं प्रकरण रुग्णाचं निरीक्षण कसं करावं यावर आहे. शरीर आणि वागणं एकत्र वाचणं हे परिचारिकेचं जुनंच शास्त्र. गडचिरोलीत ते डॉक्टर आणि गावातल्या बायकांनी मिळून पुढे नेलं. डॉक्टरांनी प्रश्न मांडला, आराखडा केला. पण मातीच्या घरात, कंदिलाच्या उजेडात बाळाकडे बघून नोंद कोणी केली? ती नोंद चुकली असती, तर सगळा हिशेबच कोसळला असता.

त्या शोधनिबंधावर पाच लेखकांची नावं आहेत. आरोग्यदूतांची नाहीत. विज्ञानाची रीतच तशी आहे: आराखडा करतो तो संशोधक, डोळ्यांनी बघतो तो कर्मचारी. तीच रीत आज आशाताईला ‘स्वयंसेविका’ म्हणते आणि पगाराऐवजी मोबदला देते.

तिच्या हातातला तक्ता भरणं म्हणजे नुसती कारकुनी नव्हे. ज्या शास्त्राने बाळं वाचवली, ते तिच्याच नजरेवर उभं आहे. मग त्या नजरेची किंमत ठरवताना आपण इतके कंजूष का होतो?