एका देशाचं नाव आणि आपल्या फडताळातली बरणी



गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत लोणच्याचा विषय निघाला. कैऱ्या फोडून झाल्या होत्या, आता भरायचं कशात यावर चर्चा सुरू होती. एक आजी म्हणाल्या, "प्लास्टिकच्या डब्यात नको गं, वास धरतो. चिनी मातीची बरणी काढा. वर्षभर लोणच्याला काही होत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात लाइट गेली. एकीनं बॅटरी काढली, ती दोनदा मिचमिचली आणि विझली. "चायना माल! टिकणार कसा?" ती म्हणाली आणि सगळ्या हसलो.

मग आमच्याच लक्षात आलं. नाव एकाच देशाचं. बरणीला लागलं की भरवशाचं, बॅटरीला लागलं की बिनभरवशाचं. हे असं कसं झालं? आज आम्ही त्या नावाचीच गोष्ट सांगणार आहोत.

आधी हे नाव आलं कुठून ते पाहू. सुमारे 2200 वर्षांपूर्वी तिकडे छिन नावाचं घराणं राज्य करत होतं. इ.स.पूर्व 221 मध्ये त्या घराण्याच्या राजानं सगळी राज्यं जिंकून एक केली. त्या छिनवरून चीन हे नाव पडलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. गंमत म्हणजे तिथले लोक स्वतःच्या देशाला चीन म्हणतच नाहीत. ते म्हणतात झोंगग्वो, म्हणजे मधला देश. आपलंही तसंच आहे. आपण म्हणतो भारत. सिंधू नदीच्या नावावरून बाहेरच्यांनी केलं हिंद आणि इंडिया. घरात माहेरचं नाव एक आणि सासरी हाक मारायचं नाव दुसरं, तशीच ही गत.

आपल्याकडे हे नाव फार जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चीनपट्ट हा शब्द येतो. चीनपट्ट म्हणजे चीनहून आलेलं रेशमी कापड. कालिदासाच्या शाकुंतलात चीनांशुक आहे, तेही रेशीमच. तेव्हा चीन म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे मऊसूत रेशीम यायचं.

सातव्या शतकात ह्युएन त्संग नावाचा चिनी भिक्षू भारतभर फिरला. तो आपल्या महाराष्ट्रातही आला होता, पुलकेशी राजाच्या काळात. त्यानं लिहून ठेवलंय, की पीच आणि नासपती ही फळं पंजाबच्या बाजूला चिनी माणसांनी आणली. म्हणून पीचला तिथले लोक चीनानी म्हणत आणि नासपतीला चीनराजपुत्र. फळालासुद्धा राजपुत्र म्हणायचं, असा त्या नावाचा मान होता.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. मसाल्याच्या डब्यातली दालचिनी घ्या. हा शब्द फारसी दारचिनीवरून आला. दार म्हणजे लाकूड. देवदार झाडाच्या नावातला दार तोच. दारचिनी म्हणजे चीनचं लाकूड. प्रत्यक्षात चांगली दालचिनी श्रीलंकेत होते, केरळात होते. पण व्यापाऱ्यांनी एकदा नाव दिलं ते चिकटलं.

साखरेचं तर आणखी नवल. आपण साखर म्हणतो, तो शब्द संस्कृत शर्करेवरून आला. हिंदीत मात्र साखरेला चीनी म्हणतात. खरं तर उसापासून साखर करायची विद्या चीननं आपल्याकडून नेली. तांग घराण्याच्या इतिहासात नोंद आहे, की सातव्या शतकात तिथल्या सम्राटानं मगधात माणसं पाठवून ही रीत शिकून घेतली. पुढे पांढरी साखर तिकडून इकडे आली आणि तिला चीनी हे नाव पडलं, असं सांगतात. म्हणजे लेक आपल्या घरातली आणि नाव लागलं परक्याचं. आपल्यातल्या किती तरी जणी ऊसतोडीला जातात. कोयता चालवणाऱ्या बाईला हे ठाऊक असायला हवं, की साखरेच्या विद्येचं माहेर हा आपलाच देश आहे.

बंगालीत भुईमुगाच्या दाण्याला चिनाबादाम म्हणतात. भुईमूग ना चीनचा ना बदामाच्या जातीचा. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. लांबून काही नवं आलं, की लोक ते चीनचं समजत. गणपतीला वाहतो त्या जास्वंदीच्या शास्त्रीय नावातसुद्धा चीन आहे.

आणि आता बरणी. इंग्रजीत चायना म्हणजे देश आणि चायना म्हणजेच चिनी मातीची नाजूक भांडी. एका देशाचं नाव अख्ख्या भांड्यांच्या जातीला मिळालं, कारण जवळजवळ हजार वर्षं ती भांडी युरोपात कुणाला नीट जमलीच नाहीत.

चीनमध्ये जिंगदेजेन नावाचं गाव आहे. इ.स. 1004 मध्ये सम्राटानं त्या गावाला आपल्या कारकिर्दीचं नाव दिलं, इतकी तिथल्या भांड्यांची ख्याती होती. जवळच्या गाओलिंग नावाच्या टेकडीवर पांढरी माती मिळायची. त्या मातीला आज जगभर केओलिन म्हणतात, ते या टेकडीवरूनच. ही माती एका खास दगडाच्या भुकटीत मिसळायची, मळायची, चाकावर घडवायची आणि सुमारे 1300 अंशांच्या आचेत भाजायची. आपल्या कुंभारदादाची भट्टी एवढी तापत नाही. इतक्या आचेत दगडाची भुकटी वितळते आणि माती काचेसारखी एकजीव होते. पाणी झिरपत नाही. पातळ वाटी उजेडापुढे धरली तर उजेड आरपार दिसतो.

1637 साली चीनमध्ये छापलेल्या उद्योगधंद्यांवरच्या एका पुस्तकात म्हटलंय, की एक भांडं पुरं होईपर्यंत 72 हातांतून जातं. कुणी माती मळायची, कुणी चाक फिरवायचं, कुणी फक्त निळी रेघ काढायची. भांडं राजाच्या पंगतीत गेलं, पण त्या 72 हातांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

युरोपातल्या लोकांनी ही भांडी पाहिली तेव्हा त्यांना कवडी आठवली. तशीच पांढरी, तशीच तुकतुकीत. इटालियन भाषेत कवडीला पोर्सेलाना म्हणत, त्यावरून या भांड्यांना पोर्सेलिन हे नाव पडलं. तुळजाभवानीच्या आराधी बायकांच्या गळ्यातली कवडी आणि राजवाड्यातली बशी, दोघींचं नाव तिकडे एकच.

या भांड्यांचं वेड तरी किती! जर्मनीतल्या सॅक्सनीच्या राजानं 1717 साली 151 भांड्यांच्या बदल्यात आपले 600 शिपाई शेजारच्या राजाला देऊन टाकले. हाडामांसाची माणसं देऊन बरण्या घेतल्या. त्याच राजाच्या कारागिरांनी थोडं आधी, 1708 च्या सुमारास, ही विद्या युरोपात पहिल्यांदा साधली होती. पुढे इंग्रजांनी मातीत जनावराच्या हाडांची राख घालून बोन चायना काढलं. बोन म्हणजे हाड. दुकानात ते नाव ऐकलं तर अर्थ माहीत असू द्या.

आपल्या महाराष्ट्रातही या नावाची खूण आहे. दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. त्याच्या भिंतींवर चिनी भांड्यांसारख्या चकाकणाऱ्या निळ्या फरश्या होत्या, म्हणून ते नाव. गोवळकोंड्याचा शेवटचा राजा तानाशाह याला औरंगजेबानं तिथंच कैदेत ठेवलं होतं. नाव सुंदर, काम तुरुंगाचं.

आपली लोणच्याची बरणी मात्र खऱ्या पोर्सेलिनची नसते. ती जाड मातीची, वरून काचेसारखा लेप दिलेली, बहुधा उत्तर प्रदेशातल्या खुर्जाकडची किंवा गुजरातेतली. नाव चिनी, पण ती पक्की देशी आहे. त्या लेपाला मीठ आणि आंबट खात नाही, म्हणून लोणचं टिकतं.

व्यापाराची दुसरी बाजूही सांगायला हवी. इंग्रजांना चीनचा चहा हवा होता, पण बदल्यात द्यायला चांदी पुरेना. मग त्यांनी हिंदुस्थानात पिकवलेली अफू तिकडे विकली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची आणि मुंबईतले बरेच मोठे व्यापारी त्यावर श्रीमंत झाले. चीनच्या सरकारनं अफू अडवली तेव्हा इंग्रजांनी 1839 ते 1842 युद्ध करून हाँगकाँग घेतलं. तिथल्या घराघरांत नशा शिरली. घरात दारू शिरली की काय होतं, हे आम्ही तुम्हाला वेगळं सांगायला नको.

विसाव्या शतकात या नावाला दोन फार वेगळे अर्थ मिळाले. पहिला आपल्या सोलापूरनं दिला. 1938 साली भारतातून पाच डॉक्टर चीनच्या मदतीला गेले. जपाननं तेव्हा चीनवर हल्ला केला होता. त्या पाचांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. तिथल्या परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. एका लेकराच्या नावात दोन देश. ते लेकरू काही महिन्यांचं असतानाच, 9 डिसेंबर 1942 ला, डॉक्टर गेले. वय अवघं 32.

दुसरा अर्थ वीस वर्षांनी आला. 1962 ला चीनशी युद्ध झालं. आपले जवान पडले, ते दुःख खरंच होतं. पण त्याचबरोबर आसाम-बंगालकडे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या चिनी वंशाच्या सुमारे 3000 लोकांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं. त्यांत म्हातारी माणसं होती, शाळकरी मुलं होती. अनेकांचा जन्म इथलाच. त्यांचा गुन्हा काय? चेहरा आणि नाव.

हे सांगताना आम्हाला आमचंच एक सांगायचंय. आमच्या तालुक्याच्या गावी ईशान्येकडची एक मुलगी कामाला आहे. आपल्याच देशाची. पण बाजारात पोरं तिला "ए चिनी" म्हणून हाक मारतात. आमच्यातल्याही काही जणी तिच्या पाठीमागे तेच म्हणायच्या. करोनाच्या दिवसांत तर तिला कुणी जवळ उभं करीना. ही माहिती गोळा करताना आम्हाला त्याची लाज वाटली. बरणीला चिनी म्हणताना आपण कौतुक करतो आणि माणसाला म्हणताना हिणवतो. आम्ही तिला तिचं नाव विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

तर मैत्रिणींनो, यंदा लोणचं भराल तेव्हा बरणी नीट पुसून, उन्हात वाळवून घ्या. आणि भरता भरता ही गोष्ट लेकीबाळींना सांगा. तुमच्या गावात कुणाला अशी हाक मारली जात असेल, तर त्या माणसाला त्याचं खरं नाव विचारा आणि त्याच नावानं हाक मारा. पुढच्या वेळी भेटू, नव्या विषयासह. नमस्कार.